एटीव्हीचा 'पिकअप' नेमका कुठे हरवतो?

चार फुगीर टायर, मोटारसायकलीसारखे हँडल, पाय टाकून बसायची लांबट सीट आणि अंगठ्याने दाबायचा अ‍ॅक्सिलरेटर, असे एटीव्हीचे रूप आता शहरी वाचकांना नवे राहिलेले नाही. 'ऑल टेरेन व्हेईकल' हे तिचे पूर्ण नाव. समुद्रकिनाऱ्यावर आणि रिसॉर्टमध्ये ती भाड्याने मिळते; ज्यांची शहराबाहेर शेती किंवा फार्महाऊस आहे अशा काही घरांत ती मुलांसाठी विकतही घेतली जाते. पहिले काही महिने कौतुकाचे असतात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तक्रार सुरू होते. गाडीला पिकअप नाही, चढावर दम टाकते, नांगरलेल्या रानात शिरली की जागीच घुटमळते. मग ती टेम्पोत घालून गॅरेजला आणली जाते आणि मालकाची मागणी एकच असते, 'जरा पॉवर वाढवून द्या.'

ही मागणी पुरी करणारे हात छत्रपती संभाजीनगरात दुर्मीळ नाहीत. शहर औरंगाबाद म्हणून ओळखले जात होते तेव्हापासून, म्हणजे १९८५ पासून, वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना चालू आहे. त्याच्या आधाराने क्लच, ब्रेक, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवणारे उद्योग इथे वाढले, आणि त्यांच्या सावलीत लहान इंजिनाची नस ओळखणारे फिटर, टर्नर व मेस्त्री तयार झाले. नवशिक्यांच्या एटीव्हीतले इंजिनही त्यांना अनोळखी नसते. ५० ते १२५ सीसीच्या बहुतेक चिनी बनावटीच्या एटीव्हींत आडव्या सिलिंडरचे जे एकसिलिंडर इंजिन असते, त्याची वंशावळ होंडाच्या १९५८ सालच्या 'सुपर कब' या दुचाकीपर्यंत जाते. मेस्त्री ते तासाभरात खोलू शकतो. प्रश्न खोलण्याचा नाहीच. इंजिन खोलण्याआधी हे ठरवावे लागते, की गाडीची शक्ती कोणी मुद्दाम अडवून ठेवली आहे, ती वाटेत कुठे गळते आहे, की पुरेशी असूनही भलत्याच कामावर खर्च होते आहे. या तिन्ही दुखण्यांवर उपाय वेगळे आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर इंजिन तरी जाते किंवा स्वार तरी पडतो.

अडवून ठेवलेली शक्ती

मुलांसाठीच्या एटीव्हीतील बरीचशी शक्ती कारखान्यातच रोखलेली असते, हे अनेक मालकांना ठाऊक नसते. अ‍ॅक्सिलरेटरच्या घरावर बाहेरून एक लहान स्क्रू आणि त्याला आवळून धरणारा नट दिसतो. स्क्रू जितका आत, तितका अंगठा कमी दाबला जातो आणि कार्ब्युरेटरचे तोंड अर्धवटच उघडते. काही गाड्यांत सायलेन्सरच्या बेंड पाइपच्या तोंडाशी बारीक भोकाची चकती बसवलेली असते, काहींत तशीच चकती इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळीत असते. काही ठिकाणी ठिणगीचे नियंत्रण करणारा सीडीआय ठराविक फेऱ्यांच्या पुढे ठिणगीच तोडतो. वरच्या वेगात गाडी अचानक मिस मारू लागली तर मेस्त्री प्लगला दोष देतो आणि खरे कारण त्या काळ्या डबीत असते.

या अडसरांमागे इतिहास आहे. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत तीन फुगीर चाकांची गाडी विकायला आणली. सुझुकीने १९८२ च्या सुमारास आणलेली चार चाकांची 'एलटी-१२५ क्वाडरनर' ही नवशिक्यांसाठीच होती. पुढे अपघात, विशेषतः मुलांचे, इतके वाढले की १९८८ मध्ये अमेरिकी सरकार आणि उत्पादक यांच्यात न्यायालयामार्फत करार झाला. नव्या तीनचाकींची विक्री थांबली आणि वयानुसार इंजिनाच्या आकाराच्या मर्यादा ठरल्या. सोळा वर्षांखालील मुलांना ९० सीसीपेक्षा मोठी एटीव्ही नाही, असा त्याचा सारांश होता. नंतरच्या मानकांत सीसीऐवजी वेग हा निकष आला. सहा वर्षांपासूनच्या मुलांची गाडी कारखान्यातून ताशी सुमारे १६ किलोमीटरच्या मर्यादेत बाहेर पडते आणि अडसर काढला तरी २४ च्या पुढे जाऊ नये अशी अपेक्षा असते. दहा वर्षांपासूनच्या गटात हेच आकडे २४ आणि ४८ आहेत. म्हणजे तो स्क्रू पालकांनी मुलाची तयारी पाहून थोडा थोडा सैल करावा, यासाठीच दिलेला असतो. गाडी 'मरतुकडी' वाटते याचे उत्तर पुष्कळदा एवढ्या स्क्रूत असते आणि त्याला एक रुपयाही पडत नाही.

शक्तीला असा लगाम घालणे ही केवळ खेळण्यांची गोष्ट नव्हे. बजाजने २०१२ मध्ये 'आरई-६०' म्हणून दाखवलेली आणि पुढे 'क्यूट' नावाने वाळूजला बनलेली चारचाकीही ताशी ७० किलोमीटरलाच रोखलेली होती. नावातले साम्य मात्र फसवे आहे. कायद्यातली क्वाड्रिसायकल वेगळी आणि बोलीतली 'क्वाड बाइक' वेगळी.

स्क्रू फिरवणे सोपे आणि मागे घेण्याजोगे आहे. सायलेन्सरमधली चकती काढणे तसे नाही. चकतीसह जेवढी हवा इंजिनातून जात होती तेवढ्या हवेला पुरेल असा जेट कारखान्याने बसवलेला असतो. चकती काढली की हवा वाढते, पेट्रोल तेवढेच राहते, मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रणावर गाडी पहिले दोन दिवस चपळ वाटू शकते, पण ज्वलन तापते, प्लगचे टोक पांढरे पडते आणि भर मे महिन्यात चढावर पिस्टन धरू शकतो. चकती काढायचीच असेल तर एक-दोन नंबर मोठा मुख्य जेट बसवून, थोडे चालवून, प्लग काढून पाहणे भाग आहे. कॉफीच्या रंगाचा प्लग ठीक, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त, हा जुना ताळा कार्ब्युरेटरच्या गाडीला अजूनही लागू पडतो.

वाटेत गळणारी शक्ती

स्क्रू तपासूनही गाडी ओढत नसेल तर पुढचा संशय देखभालीवर घ्यावा, आणि तो सहसा खरा ठरतो. फार्महाऊसवरची एटीव्ही वर्षातले बहुतेक महिने ताडपत्रीखाली उभी असते. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर राहतो आणि सुईच्या अग्राएवढी जेटची भोके त्याने बुजतात. चोक लावल्याशिवाय चालू होत नाही, चोक सोडला की बंद पडते, अशी गाडी म्हणजे बहुधा बुजलेला जेट. तो तारेने टोकरू नये, भोक मोठे होते. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा झोत पुरेसा असतो.

यात अलीकडे इथेनॉलची भर पडली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २०२५ पासून सर्वसाधारणपणे वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. रोज चालणाऱ्या गाडीला त्याचा फारसा त्रास जाणवत नाही, पण पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे बसू शकतात, आणि पहिला घोट इंजिनाला तोच मिळतो. शिवाय निव्वळ पेट्रोल जाळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे साडेतेरा पट. जुन्या पेट्रोलवर जुळवलेला कार्ब्युरेटर हे जाणत नाही. त्याच्या दृष्टीने मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ झालेले असते. इंजेक्शनच्या नव्या गाडीत सेन्सर हा हिशेब सांभाळतो. स्वस्त एटीव्हीत सेन्सर नसतो, मेस्त्री असतो.

याच्या उलट दिशेला इथली हवा काम करते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. समुद्रकाठच्या २५ अंशांच्या हवेशी तुलना केली तर एप्रिल-मेच्या दुपारी इथली हवा सुमारे अकरा टक्क्यांनी विरळ भरते. इंजिन मोजते ती हवेची जागा, हवेचे वजन नव्हे. त्यामुळे सात अश्वशक्तीचे इंजिन कोणताही बिघाड नसताना सव्वासहाच्या आसपास उरते. म्हैसमाळच्या पठारावर, हजार मीटरच्या आसपास, आणखी चार-पाच टक्के जातात. विरळ हवेत कार्ब्युरेटर पेट्रोल त्या मानाने जास्त सोडतो, म्हणजे मिश्रण घट्ट होते. इथेनॉलने पातळ केलेले आणि उंचीने घट्ट केलेले मिश्रण एकमेकांना काही अंशी सावरून घेते, हा निव्वळ योगायोग. पण म्हणूनच किनाऱ्यावरच्या एखाद्या गाडीचा जेट नंबर विचारून तोच इथे बसवण्यात अर्थ नाही. प्रत्येक गाडीचा प्लग काढूनच पाहावा लागतो.

मराठवाड्याच्या धुळीबद्दल वेगळे सांगायला नको. स्पंजचा एअर फिल्टर महिन्याभरात मातीने भरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, फिल्टरचे तेल लावून तो परत बसवला की पुष्कळ गाड्या तिथेच सुधारतात. 'फिल्टर काढून टाका, गाडी मोकळी पळेल' हा सल्लाही सर्रास मिळतो. तो ऐकणाऱ्याचे सिलिंडर एका हंगामात घासले जाते; मातीचे बारीक कण आणि तेल एकत्र आले की त्याचा पॉलिश पेपर होतो. टॅपेटचे अंतर या इंजिनांत थंड असताना बहुधा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. ते संपले तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि दाब गळतो. दाब मापकाने तपासायला दहा मिनिटे लागतात. तो उत्पादकाने दिलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी असेल, तर सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. एवढी चाचणी न करता इंजिन खोलणारा मेस्त्री अंदाजावर चालतो आहे असे खुशाल समजावे.

गळती इंजिनाच्या पुढेही असते. आवाज चढतो पण गाडी त्या मानाने सरकत नाही, तेव्हा क्लच शू झिजलेले असतात. बेल्टच्या गाडीत जळक्या रबराचा वास येतो. मागची चाके जॅकवर उचलून, न्यूट्रलमध्ये, हाताने फिरवून पाहिली तर अडकलेला ब्रेक आणि फाजील आवळलेली चेन लगेच कळते. पार्किंग ब्रेकची केबल गंजून अर्धी धरलेली असणे हे उभ्या राहणाऱ्या एटीव्हीचे नेहमीचे दुखणे आहे.

भलत्याच कामावरचा खर्च

सगळे ठीक असूनही गाडी कमी पडते, त्याचा हिशेब कागदावर करता येतो. ११० किलोची गाडी आणि ७० किलोचे वडील, मिळून १८० किलो. दहात एक चढ ताशी २० किलोमीटरने चढायला केवळ उंची मिळवण्यासाठी सुमारे १.३ अश्वशक्ती लागते. तोच चढ नांगरलेल्या मऊ मातीचा असेल तर माती दाबत पुढे जाण्यासाठी जवळपास तेवढीच, कधी अधिक शक्ती लागते. चेन आणि क्लचमधले नुकसान धरून आकडा तीनच्या वर जातो. इंजिनाची सात अश्वशक्ती ही वरच्या फेऱ्यांवरची असते. चढावर फेरे निम्म्यावर आले की हाती निम्मीच उरते, आणि गाडी घुटमळते. सीटवर ३५ किलोचे मूल असते तर गरज एक पंचमांशाने कमी झाली असती. मुलाच्या गाडीवर वडील बसून 'हिला दम नाही' म्हणतात, तेव्हा दोष कोणाच्या वजनाचा हे सांगायला गॅरेजची गरज नाही.

पावसाळ्यात आपली काळी माती टायरला गोळ्यांनी चिकटते आणि चाकाचे वजनच वाढवते. त्यावर इंजिनात काही उपाय नाही. टायरच्या हवेवर मात्र आहे. एटीव्हीचे टायर बहुधा दोन ते पाच पीएसआय इतक्या कमी दाबाचे असतात, आकडा टायरवर किंवा गाडीच्या पट्टीवर छापलेला असतो. पंक्चरच्या दुकानात सवयीने स्कूटरइतकी हवा भरली जाते. मग टायर टणक होतो, मऊ रानात रुततो आणि दगडावर उडतो.

या सगळ्यावर सर्वांत स्वस्त आणि प्रामाणिक उपाय चेन-सेटचा आहे. इंजिनाकडचे स्प्रॉकेट १५ दातांऐवजी १४ दातांचे बसवले की चाकावरची ओढ सुमारे सात टक्क्यांनी वाढते आणि कमाल वेग तेवढाच घटतो. चढावर धापा टाकणाऱ्या गाडीला हा सौदा परवडतो. मुलाच्या गाडीला तर दुहेरी परवडतो, कारण चढावरचा दम वाढून सपाटीवरचा वेग कमी होतो. बेल्टच्या गाडीत हेच काम व्हेरिएटरमधल्या रोलरचे वजन करते. रोलर थोडे हलके केले की इंजिन वरच्या फेऱ्यांत, जिथे त्याची शक्ती आहे तिथे, जास्त काळ राहते. स्कूटर दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही मेस्त्रीला ही यंत्रणा तोंडपाठ असते.

इंजिनाला हात न लावता किती मिळवता येते, याचा पुरावा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी कधीच दिला आहे. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना विद्यापीठात १९७६ मध्ये सुरू झालेल्या 'बाहा एसएई' स्पर्धेची भारतीय आवृत्ती २००७ पासून मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे भरू लागली. महाराष्ट्रातील कित्येक महाविद्यालयांचे संघ त्यात उतरत आले आहेत. विद्यार्थी एकासनी, कोणत्याही जमिनीवर धावणारी गाडी स्वतः बांधतात. इंजिन मात्र सर्वांना एकच. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे ३०५ सीसी, दहा अश्वशक्तीचे इंजिन या स्पर्धांत वर्षानुवर्षे वापरले गेले. त्यात फेरफार करायला बंदी, आणि गव्हर्नर मिनिटाला ३,८०० फेऱ्यांवर बांधलेला. म्हणजे शक्ती वाढवण्याचा दरवाजा नियमानेच बंद. तरीही एक गाडी टेकडी सहज चढते आणि दुसरी मध्यावर थांबते. फरक पडतो तो चौकटीच्या पाइपमधून काढलेल्या किलोंमुळे, बेल्टच्या पुलीतील स्प्रिंग आणि वजनांच्या जुळणीमुळे, गिअरच्या प्रमाणामुळे आणि टायरच्या निवडीमुळे. महिनोन् महिने ही मुले इंजिनाबाहेरचे नुकसान शोधत बसतात.

सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन टाकण्याचा मोह या पार्श्वभूमीवर तपासावा. ५२.४ मिलिमीटरचे सिलिंडर ५४ केले तर, स्ट्रोक तोच असताना, आकार जेमतेम सहा टक्क्यांनी वाढतो. एका दाताच्या स्प्रॉकेटने चढावर त्यापेक्षा जास्त मिळते. वर सिलिंडरची भिंत पातळ होते, उष्णता वाढते आणि तोच जुना क्लच जास्त भार सोसतो. मोठा आवाज करणारा मोकळा सायलेन्सर तर ऐकणाऱ्याला फसवतो. जेट न बदलता लावला तर शक्ती घटल्याचीच उदाहरणे जास्त.

आणि ब्रेक? लहान एटीव्हींना बहुधा छोटे ड्रम ब्रेक असतात, ते त्या गाडीच्या मूळ वेगाला पुरतील असे. ताशी २४ किलोमीटरची गाडी ४० ने पळू लागली, तर थांबण्यासाठी जिरवायची ऊर्जा आणि त्याबरोबर थांबण्याचे अंतर पावणेतीन पट होते. बहुतेक लहान एटीव्हींचा मागचा आस एकसंध असतो, दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते आणि स्वाराने शरीर आत झुकवून ती वळवायची असते. लांब सीट त्या हालचालीसाठी आहे, मागे भावंडाला बसवण्यासाठी नव्हे. हलक्या वजनाच्या मुलाला ही गाडी शरीराने सावरता येत नाही, आणि उलटली तर ती त्याच्याच अंगावर येते. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर सोळा वर्षांखालील मुलांनी एटीव्ही चालवूच नये अशी भूमिका घेतली आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी, की नोंदणी नसलेली एटीव्ही सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. फार्महाऊसच्या फाटकापासून समोरच्या टपरीपर्यंतसुद्धा नाही. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर वाहन चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९९-अ नुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

त्यामुळे गॅरेजमध्ये गाडी सोडताना मालकाने तीन गोष्टी आधी सांगितलेल्या बऱ्या: ती कोण चालवणार, त्याचे वजन किती, आणि ती चढावर कमी पडते की सपाटीवर. चढावर कमी पडत असेल तर फिल्टर, जेट, टॅपेट, टायरची हवा आणि एक दात, या क्रमाने काम होते आणि बहुधा तिसऱ्या-चौथ्या पायरीला थांबते. सपाटीवर वेग हवा असेल आणि चालवणारे मूल असेल, तर स्क्रूवरचा नट सैल करण्याआधी गाडी मोकळ्या मैदानात नेऊन त्याला आठ आकड्याची वळणे घ्यायला लावावीत आणि खुणेच्या रेषेवर थांबवायला सांगावे. ते जमले तर अर्धा फेरा. रेषा ओलांडली तर नट आहे तसाच आवळलेला.